माझ्याकडे सगळं चोख, त्यांच्या आयफोनवर बटणच गायब!

खटपट्या
सोमवार, रात्री ११:४२

मंडळी, नमस्कार. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

शिबिरांच्या नावनोंदणीचं एक पान केलं. माझी आयुधं दोनच, विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन. क्रोममध्ये एफ१२ दाबून फोनचं चिन्ह (पान फोनच्या आकारात दाखवणारं) निवडलं आणि यादीतले झाडून सगळे आयफोन पाहून घेतले. कुठेही खोट नाही. छातीठोकपणे शिबिरवाल्यांना लिंक पाठवली. दहा मिनिटांत फोन आला, "फॉर्म भरला हो, पण पाठवायचं बटण कुठे ठेवलंय?"

रचना साधी आहे. फॉर्म पडदाभर उघडतो, उंची १०० व्हीएच, म्हणजे पडद्याच्या उंचीच्या शंभर टक्के. शीर्षक वर, रकाने मध्ये, बटण तळाला. मागचं पान हलू नये म्हणून बॉडीला ओव्हरफ्लो हिडन दिलंय. त्यांच्या फोनवर रकाने दिसतात, बटणाची जागा मात्र पडद्याखाली.

दोन प्रश्न आहेत. मॅक आणि आयफोन नसताना हे तपासायचं कसं? आणि तपासायचं तरी किती? ब्राउझर, त्यांच्या आवृत्त्या आणि ऑपरेटिंग सिस्टम असा तक्ता मांडायला बसलो आणि तिसऱ्या पानावर पेन खाली ठेवलं.

मीच_तो
सोमवार, रात्री ११:५५

त्यांना म्हणावं आयफोनवर क्रोम टाका. विषय संपला.

काजवा
मंगळवार, सकाळी ७:१०

विंडोजवर सफारी उतरवून बघा ना. मी वापरलेली आहे.

जुनाजाणता
मंगळवार, सकाळी ९:२५

दोन्ही सल्ले प्रेमाने बाजूला ठेवतो, हलके घ्या.

काजवा, विंडोजची सफारी २०१२ साली ५.१.७ वर थांबली. आज ती लावून तपासणं म्हणजे आजोबांचा चष्मा घालून नातवाचा नंबर काढणं. सीएसएस ग्रिड (पान चौकटींत मांडायची पद्धत) हा शब्दही तिच्या कानावर पडलेला नाही.

मीच_तो, आयफोनवरचा क्रोम म्हणजे क्रोमचं चिन्ह आणि क्रोमचे मेनू. पान रंगवण्याचं काम आत वेबकिटच करतं, सफारीचं इंजिन. फायरफॉक्सचंही तेच, एजचंही तेच. मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ आल्यापासून युरोपीय संघात दुसरं इंजिन आणायची मुभा मिळाली आहे, पण आपण काम करताना आयफोन म्हणजे वेबकिट असंच धरून चालायचं.

खटपट्या, तक्ता फाडून टाका. ब्राउझर मोजू नका, इंजिनं मोजा. ती तीनच आहेत: ब्लिंक, गेको आणि वेबकिट. क्रोम, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट ही सगळी ब्लिंकची बिऱ्हाडं. एजही जानेवारी २०२० पासून तिथेच राहायला आलं. गेको म्हणजे फायरफॉक्स, वेबकिट म्हणजे सफारी. ब्लिंक २०१३ मध्ये वेबकिटमधूनच वेगळं निघालं, आणि वेबकिटचं मूळ लिनक्सवरच्या कॉन्करर ब्राउझरच्या केएचटीएमएलमध्ये. भावकीच आहे, पण चुली वेगळ्या.

आता एफ१२ मधला आयफोन. त्यात बदलतात फक्त लांबीरुंदी, पिक्सेलची घनता, स्पर्श आणि ब्राउझर स्वतःचं सांगतो ते नाव. इंजिन तुमच्या लॅपटॉपवरचं ब्लिंकच राहतं. म्हणजे तुम्ही सगळे आयफोन तपासले खरे, पण क्रोममध्येच.

खटपट्या
मंगळवार, सकाळी ९:४०

शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं. खरं आहे. पण बटण?

रेवा_क
मंगळवार, सकाळी १०:०५

बटण मी सांगते, याच खड्ड्यात मी दोनदा पडले आहे.

मोबाइल सफारीत पत्त्याची पट्टी कधी मोठी असते, कधी आक्रसते. पान वर सरकवलं की ती बारीक होते आणि पानाला जास्त जागा मिळते. १०० व्हीएच म्हणजे ही जास्तीची जागा धरून मोजलेली उंची. पट्टी मोठी असताना तुमच्या चौकटीचा खालचा भाग तिच्यामागे जातो. २०२१ मध्ये आयओएस १५ आल्यापासून तर ही पट्टी मूळ सेटिंगमध्ये तळालाच असते, म्हणजे नेमकी तुमच्या बटणावर.

यात तुम्ही बॉडीचं स्क्रोल बंद केलंय. पान सरकत नाही म्हणून पट्टी आक्रसत नाही, आणि पट्टी आक्रसत नाही म्हणून बटण वर येत नाही. बिचाऱ्या माणसाने कितीही बोटं घासली तरी काही होणार नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्येही १०० व्हीएच अशीच मोजली जाते. तुमच्या फोनवर निभावलं असेल तर तो योगायोग समजा. एफ१२ मध्ये तर पत्त्याची पट्टीच नसते.

उपाय म्हणून ओळ आहे तशीच ठेवा आणि तिच्या खाली दुसरी लिहा, हाइट १०० डीव्हीएच. डीव्हीएच म्हणजे त्या क्षणी खरोखर दिसणारी उंची. एसव्हीएच आणि एलव्हीएच ही तिची भावंडं, एक पट्टी मोठी असतानाची, दुसरी आक्रसलेली असतानाची. २०२२ संपेपर्यंत ही एककं तिन्ही इंजिनांत आली. जुन्या ब्राउझरला दुसरी ओळ कळत नाही, तो ती सोडून देतो आणि पहिलीवर भागवतो.

मला विचाराल तर मात्र हा पडदाभर फॉर्मच नको. कळफलक वर आला की डीव्हीएचही मदतीला येत नाही, कारण आयफोनवर कळफलकाची उंची त्यातून वजा होत नाही. साधं पान ठेवा, रकाने संपले की खाली बटण. माणसाला खाली सरकवणं कळतं.

टिंबटिंब
मंगळवार, सकाळी ११:३०

रेवा म्हणतात ते ऐका. पण बदल करण्याआधी दुखणं नक्की तेच आहे का तेही बघा, नाहीतर अंधारात तीर. मी चाचणीच्या कामात आहे, आमचा एक गावठी उपाय सांगते.

पानाच्या कोपऱ्यात तात्पुरते दोन आकडे छापा. पहिला विंडोची इनरहाइट, म्हणजे त्या क्षणी दिसणाऱ्या भागाची उंची, दुसरा त्या चौकटीची प्रत्यक्षात आलेली उंची. लिंक पाठवा आणि त्यांच्याकडून पडद्याचं चित्र मागवा. दोन्ही आकडे सारखे आले तर कारण दुसरं.

खटपट्या
मंगळवार, दुपारी ४:१५

छापले. चित्र आलं. फरक ऐंशी पिक्सेलच्या आसपास, आणि माझं बटण ४८ पिक्सेल उंच. म्हणजे ते आख्खंच्या आख्खं गिळलं गेलं होतं!

डीव्हीएचची ओळ घातली, बॉडीचं कुलूप काढलं, बटण रकान्यांच्या खाली आणलं. दिसतंय म्हणाले. रेवाताई, टिंबटिंब, दोघींना दंडवत.

पण आनंद तासभर टिकला. त्यांच्या कार्यालयातल्या एकाकडे आयफोन ६ आहे. त्यावर शिबिरांची कार्डं एकमेकांना चिकटलेली दिसतात, मधली फट नाहीच. आणि रकान्यावर बोट ठेवलं की पान आपोआप मोठं होतं, तक्रार दोघांचीही.

अर्धविराम
मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मोठं होण्याचं आधी, ते सोपं आहे. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की आयफोनवरची सफारी तो रकाना जवळ आणून दाखवते. तुम्ही १४ ठेवलं असणार. १६ करा. कृपा करून व्ह्यूपोर्टमध्ये मॅक्झिमम-स्केल १ टाकून झूम बंद करायला जाऊ नका. अँड्रॉइडवर ज्यांना बारीक दिसत नाही त्यांचा झूम त्यात जातो.

कार्डं चिकटतात कारण तुम्ही फ्लेक्समध्ये (वस्तू ओळीत मांडायच्या पद्धतीत) गॅप, म्हणजे मधली फट, वापरलाय, पैजेवर सांगतो. फ्लेक्समधला गॅप फायरफॉक्समध्ये २०१८ ला आला, क्रोममध्ये २०२० ला, सफारीत एप्रिल २०२१ मध्ये, १४.१ पासून. आयफोन ६ आयओएस १२ च्या पुढे जात नाही, आणि आयफोनची सफारी आयओएसबरोबरच वाढते. अँड्रॉइडवर जुन्या फोनलाही क्रोमची नवी आवृत्ती पुष्कळदा मिळत राहते, इथे ती सोय नाही.

आता यातली गोम. तुम्हाला वाटेल, सपोर्ट्सची अट लावू, गॅप कळत असेल तर गॅप, नाहीतर मार्जिन. मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली आहे. आयओएस १२ च्या सफारीला ग्रिडमधला गॅप कळतो. त्यामुळे "गॅप येतो का" असं विचारलं की ती मान डोलावून "हो" म्हणते, आणि फ्लेक्समध्ये तोच गॅप गुपचूप खाऊन टाकते. अट खरी ठरते आणि कार्डं चिकटलेलीच राहतात. कार्डांना सरळ ग्रिड लावा, नाहीतर मार्जिन द्या.

मीच_तो
मंगळवार, संध्याकाळी ७:२०

एका आयफोन ६ साठी एवढी उठाठेव? त्याला म्हणावं फोन बदल.

टिंबटिंब
मंगळवार, संध्याकाळी ७:४५

उठाठेव किती करायची ते त्या पानावर कोण येतं यावर ठरतं. नोंदी काढून बघायचं की लोक कुठल्या फोनवरून आणि कुठल्या आवृत्तीवरून येतात. तिथे आयओएस १२ एकच असेल तर त्याला गुळगुळीत कोपरे आणि सावल्या नसल्या तरी चालतं. पण फॉर्म भरून पाठवता आलाच पाहिजे. दिसण्यात मागेपुढे चालेल, अडणं चालणार नाही. मी चाचणी करताना हीच रेघ मारते.

खटपट्यांच्या मूळ प्रश्नाबद्दल माझी पद्धत सांगते. काम करतानाच उघडा ब्राउझर फायरफॉक्स ठेवते. कारण क्रोममध्ये तर शेवटी सगळेच बघतात, वेगळं इंजिन रोज डोळ्यासमोर राहिलं की अर्ध्या भानगडी जन्मतःच सापडतात. वेबकिटसाठी प्लेराइट वापरते. मायक्रोसॉफ्टचं मुक्त साधन आहे, क्रोमियम (क्रोमचा पाया), फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही विंडोजवर चालवतं. त्यातलं वेबकिट म्हणजे हुबेहूब सफारी नाही. आयफोनची पत्त्याची पट्टी आणि कळफलक त्यात नाहीत, म्हणजे तुमचं हे बटण त्यात सापडलं नसतं. पण मांडणीतले पुष्कळ घोळ सापडतात. लिनक्स असेल तर ग्नोमचा वेब ब्राउझरही वेबकिटवरच चालतो.

शेवटची फेरी खऱ्या यंत्रांवरच. ब्राउझरस्टॅकसारख्या सेवा दूरवर ठेवलेला खरा फोन तुमच्या पडद्यावर देतात, ते ठीक. पण अंगठ्याला बटण पोचतं का आणि उन्हात करडी अक्षरं दिसतात का, हे हातात फोन घेतल्याशिवाय कळत नाही. मी तर घरी आलेल्या प्रत्येकाचा फोन मागते. लोक आता आधीच खिशात घालतात.

जुनाजाणता
मंगळवार, रात्री ९:१०

अवांतर: तुम्हा मंडळींना तीन इंजिनं जड वाटतात याचं हसू येतं. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये, ७ आला २००६ मध्ये. मधली पाच वर्षं आम्ही काय काढली! डावीकडे फ्लोट केलेल्या खोक्याला डावं मार्जिन दिलं की तो ते दुप्पट करायचा. उपाय काय, तर डिस्प्ले इनलाइन लिहायचं. ज्याचा त्या दुखण्याशी अर्थाअर्थी संबंध नाही असा हा उपाय, पण लागू पडायचा. पारदर्शक पीएनजी टाकली की मागे करडा चौकोन. त्याच्यासाठी वेगळी सीएसएस फाइल, ती फक्त त्यालाच दिसावी म्हणून एचटीएमएलमध्ये अटी घातलेल्या टिप्पण्या. एक्सप्लोरर १० पासून त्या अटीही बंद झाल्या, आणि १५ जून २०२२ ला शेवटच्या ११ चा आधार संपला. मी त्या दिवशी जुनी आयई६ डॉट सीएसएस फाइल उघडून एकदा बघून घेतली.

काजवा
मंगळवार, रात्री ९:३०

आजोबांचा चष्मा कोण म्हणालं होतं? :)

जुनाजाणता
मंगळवार, रात्री ९:३२

लागलं.

रेवा_क
बुधवार, सकाळी ८:५०

खटपट्या, पान मराठीत आहे ना? मग शीर्षकं विंडोज, अँड्रॉइड आणि आयफोन तिन्हीकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. इंग्रजी डोक्यांनी बनवलेल्या तयार साच्यात लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या पटीत) बरेचदा १.१ असते. रोमन अक्षराला ती पुरते. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार. "सर्वांसाठी" लिहिलं की वरचा रफार आणि अनुस्वार कापला जातो, खोक्याला ओव्हरफ्लो हिडन असेल तर हमखास. "मूर्ती" लिहून बघा, वर-खाली दोन्हीकडून परीक्षा होते. मी शीर्षकाला १.४ च्या खाली जात नाही.

दुसरं म्हणजे स्वतःचा फॉन्ट दिला नसेल तर प्रत्येक सिस्टम आपापला लावते. विंडोज ८ पासून निर्मला यूआय, त्याआधी मंगल. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, मॅक आणि आयफोनवर कोहिनूर देवनागरी. रुंदी सगळ्यांची वेगळी, त्यामुळे तुमच्याकडे एका ओळीत मावलेलं "नावनोंदणी पूर्ण करा" दुसरीकडे दोन ओळींत जातं. बटणाला ठरावीक रुंदी दिली असेल तर काढून टाका.

आणि अक्षरांमध्ये लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेघ तुटते. एचटीएमएलच्या टॅगवर लँग एमआर (पान मराठीत आहे असं सांगणारी खूण) मात्र द्या. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत, तिथे ते त्यामुळेच येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. बहुतेकांच्या हे लक्षातही येत नाही. माझ्या येतं आणि मग मला झोप येत नाही.

खटपट्या
बुधवार, दुपारी १:०५

लाइन-हाइट बघितली. १.१ च होती. :(

आता नवीन. त्यांच्या कार्यालयात विंडोजचे लॅपटॉप आहेत, तिथे पान आडवं सरकतं, अगदी बोटभर. माझाही विंडोजच, मग माझ्याकडे का नाही?

अर्धविराम
बुधवार, दुपारी १:४०

कुठेतरी रुंदी १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीच्या रुंदीच्या शंभर टक्के, दिली आहे का? व्हीडब्ल्यूमध्ये उभ्या स्क्रोलपट्टीची जागाही धरली जाते. विंडोजवर ती पट्टी पंधरा-सतरा पिक्सेल खाते, तेवढंच पान उजवीकडे बाहेर जातं. १०० टक्के लिहा, जाईल. तुमच्याकडे नसण्याचं कारण बहुधा असं की तुमच्या मोठ्या पडद्यावर पान एका नजरेत मावतं, उभी पट्टी येतच नाही. त्यांचे लॅपटॉप १९२० बाय १०८० चे असतील आणि विंडोजचं स्केलिंग १५० टक्क्यांवर असेल, तर ब्राउझरच्या लेखी तो पडदा १२८० बाय ७२० चाच. १२५ टक्क्यांवर १५३६ बाय ८६४. कागदावर मोठा पडदा, पानाला मात्र छोटा.

मॅकवर याच्यावर आणखी एक मजा होते. ट्रॅकपॅड वापरत असाल तर स्क्रोलपट्टी पानावर तरंगते, जागा घेत नाही. माउस जोडला की मूळ सेटिंगनुसार ती कायमची दिसू लागते आणि जागा घेते. माझ्या शेजारच्या खुर्चीतला डिझायनर शपथेवर सांगायचा की आडवं सरकणं सकाळी असतं आणि दुपारी जातं. दुपारी तो लॅपटॉप घेऊन बैठकीच्या खोलीत जाऊन बसायचा, म्हणजे माउस टेबलावरच राहायचा. दोन दिवस लागले आम्हाला.

टिंबटिंब
बुधवार, दुपारी २:१०

मॅकचा विषय निघालाच आहे तर, कुणाकडे मॅक मिळाला की सफारीत टॅब कळ दाबत जा. मूळ सेटिंगमध्ये सफारी टॅबने दुव्यांवर थांबत नाही, ऑप्शन धरून टॅब दाबावी लागते. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीने यावर "दुवे चालत नाहीत" अशी नोंद केली, आणि एकाने ती दुरुस्त करण्याच्या नादात चालणारं पान मोडलं.

ब्राउझरचं नाव वाचून त्यावर निर्णय घेणारी स्क्रिप्टही कुठे असेल तर काढा. आयपॅड २०१९ पासून स्वतःला मॅक म्हणवतो.

खटपट्या
गुरुवार, सकाळी १०:२०

व्हीडब्ल्यूच होतं, तेही दोन ठिकाणी. काढलं. कार्डांना ग्रिड लावलं, रकान्यांना १६ दिलं. आयफोन ६ वाल्या गृहस्थांनी नोंदणी करून दाखवली, सावली नाही याची तक्रार केली नाही.

फक्त एक राहिलं. भाषा निवडायच्या यादीत मी देशांच्या झेंड्यांचे इमोजी टाकले होते. त्यांच्या लॅपटॉपवर एजमध्ये झेंड्याच्या जागी दोन रोमन अक्षरं दिसतात. माझ्या विंडोजवर फायरफॉक्समध्ये झेंडाच दिसतो. टिंबटिंब यांच्या सांगण्यावरून मंगळवारपासून फायरफॉक्स वापरतोय, त्यामुळे आणखीच बुचकळ्यात पडलो.

टिंबटिंब
गुरुवार, सकाळी १०:४५

विंडोजच्या इमोजी फॉन्टमध्ये देशांचे झेंडे नाहीतच, म्हणून देशाची दोन अक्षरं दिसतात. फायरफॉक्स स्वतःचा इमोजी फॉन्ट बरोबर घेऊन येतो, म्हणून तिथे दिसतात. एसव्हीजी चित्रं वापरा. किंवा झेंडे काढाच, भाषेला कुठला आलाय झेंडा?

खटपट्या
गुरुवार, सकाळी ११:००

काढले. नुसतं "मराठी" लिहिलंय, लाइन-हाइट १.४.